स्मॉल, लिटल आणि त्यांची धाकटी भावंडं

'माझा लहान भाऊ' याचं इंग्रजी 'माय स्मॉल ब्रदर' असं केलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंगापिंडानं बारका माणूस उभा राहतो. भाऊ सहा फुटी असला तरी इंग्रजीत तो 'लिटल ब्रदर'च असतो, आणि अर्जात वगैरे लिहायचं असेल तर 'यंगर ब्रदर'. मराठीतला 'लहान' वय, आकार आणि मान या तिन्ही ठिकाणी बिनदिक्कत चालतो: लहान मुलगी, लहान खोली, लहान तोंडी मोठा घास. इंग्रजीनं ही कामं वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत आणि वर प्रत्येकाला एकेक चेहराही दिला आहे. कुणाच्या चेहऱ्यावर माया, कुणाच्या तुच्छता, कुणाच्या नुसता हिशोब. समानार्थी कोशात 'स्मॉल'खाली वीस-पंचवीस शब्द एका रांगेत उभे केलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांच्या जागी बसतील असं वाटतं. बहुतेक बसत नाहीत. वस्तू किती लहान आहे हे सांगण्याआधी ते शब्द सांगून टाकतात, की तिच्याकडे कोण बघतंय आणि कसं.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या दोन शब्दांतच होतो, म्हणून तिथे जरा थांबू. 'स्मॉल' हा मोजपट्टीचा शब्द. 'अ स्मॉल हाउस' म्हणजे कमी चौरस फुटांचं घर, बास. 'लिटल'मध्ये माप कमी आणि सूर जास्त. 'अ नाइस लिटल हाउस' म्हणणारा त्या घरावर खूश आहे. 'अ सिली लिटल मॅन' म्हणणाऱ्यानं त्या माणसाला उंदरासारखं चिमटीत धरलंय. 'पुअर लिटल थिंग'मध्ये कणव आहे, 'नॅस्टी लिटल डॉग'मध्ये किळस. म्हणजे 'लिटल' आधीच्या विशेषणाचा भाव उचलतो आणि वाढवतो. 'स्मॉल' हे करत नाही, तो कोरडाच राहतो. आपल्याकडे हे काम 'एवढंसं' करतं: 'एवढंसं पोर ते!' यात माया की वैताग, हे पुढचं वाक्य ठरवतं.

व्याकरणातही दोघांचे रस्ते वेगळे आहेत. तुलना करायची तर 'स्मॉलर', 'स्मॉलेस्ट'. 'लिटलर', 'लिटलेस्ट' हे शब्द आहेत, पण ते लहान मुलांच्या तोंडचे किंवा त्यांच्यासाठी लिहिलेल्या गोष्टींतले. अहवालात लिहिले तर हसं होईल. वाक्याच्या शेवटी क्रियापदाला टेकून यायचं असेल तर सहसा 'स्मॉल'च येतो: 'द रूम इज स्मॉल'. 'द रूम इज लिटल' चुकीचं नाही म्हणता येणार, पण कानाला खटकतं. अपवाद वयाचा. 'व्हेन आय वॉज लिटल' अगदी सहज म्हणतात. रंगाच्या बाबतीत 'लिटल रेड कार' असाच क्रम, 'रेड लिटल कार' नाही.

दोघांना एकच नाम जोडून पाहा, म्हणजे फरक पक्का होतो. 'स्मॉल टॉक' म्हणजे हवापाण्याच्या गप्पा. 'अ लिटल टॉक' म्हणजे मात्र साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलेलं असतं. तिथला 'लिटल' मुद्दाम लावलेला मऊ गिलावा आहे. 'वुई हॅव अ लिटल प्रॉब्लेम' हे वाक्य ऐकलं की प्रॉब्लेम लहान नाही असं समजावं. आपणही 'जरा काम होतं तुमच्याकडे' म्हणतो, तेव्हा ते काम 'जरा' नसतं.

मापाऐवजी प्रमाण सांगताना 'लिटल' आणखी एक फसगत करतो. 'देअर इज अ लिटल वॉटर' म्हणजे थोडं पाणी आहे, चालून जाईल. त्यातला 'अ' काढला की 'पाणी जवळजवळ नाहीच' असा अर्थ होतो. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचंही तसंच: 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे चार माणसं आली बुवा, 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कुणी फिरकलं नाही. मराठीत उपपद नाही, त्यामुळे आपल्या हातून हा 'अ' गळतो आणि आशेचं वाक्य निराशेचं होऊन बसतं. रुग्णाबद्दलच्या पत्रात 'अ लिटल होप' आणि 'लिटल होप' यांची अदलाबदल झाली तर काय होईल, हे सांगायला नको. गंमत म्हणजे 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच जण, आणि 'नॉट अ लिटल' म्हणजे चांगलंच भरपूर.

'स्मॉल'चा मूळ अर्थ लहान नव्हता, अरुंद होता. जुन्या इंग्रजीत तो बारीक, निमुळत्या वस्तूंसाठी वापरला जाई, आणि जर्मन भाषेतला त्याचा सख्खा भाऊ 'श्माल' आजही 'अरुंद' याच अर्थानं चालतो. कमरेच्या वर पाठीचा जो आत गेलेला भाग, त्याला इंग्रजीत 'द स्मॉल ऑफ द बॅक' म्हणतात. तिथे हा जुना अर्थ अजून टिकून आहे. जोडशब्दांचा अर्थ असा ठरूनच गेलेला असतो, तिथे 'स्मॉल' काढून 'टाइनी' किंवा 'लिटल' बसवता येत नाही. 'स्मॉल अवर्स' म्हणजे मध्यरात्र उलटून गेल्यावरचे एक, दोन, तीनचे तास, आकडे लहान म्हणून तास लहान. 'स्मॉल चेंज' म्हणजे सुट्टे पैसे, 'स्मॉल प्रिंट' म्हणजे करारातली ती ओळ जी सही केल्यावर दिसते. अमेरिकेत हिलाच जास्त करून 'फाइन प्रिंट' म्हणतात.

आणि हा 'फाइन' आपल्याला थेट 'बारीक'पाशी आणून सोडतो. मराठीतून इंग्रजीत जाताना सगळ्यात दगा देणारा शब्द कुठला, तर माझ्या मते 'लहान' नव्हे, 'बारीक'. एकाच घरात सकाळपासून तो किती ठिकाणी लागतो ते बघा. बारीक रवा म्हणजे 'फाइन', बारीक मुलगी म्हणजे 'थिन' किंवा कौतुकानं 'स्लिम', बारीक गॅस म्हणजे 'लो फ्लेम', बारीक ताप म्हणजे 'स्लाइट फीव्हर' आणि डॉक्टरांच्या कागदावर 'लो-ग्रेड फीव्हर', बारीक पाऊस म्हणजे 'लाइट रेन' किंवा 'ड्रिझल', बारीक आवाज म्हणजे 'फेंट' किंवा 'थिन व्हॉइस', बारीक लक्ष म्हणजे 'क्लोज वॉच', बारीकसारीक गोष्टी म्हणजे 'मायनर डिटेल्स'. यातल्या बहुतेकांना 'स्मॉल' चालत नाही. विशेषण सुटं उचलून कोशात शोधलं की हमखास चुकतं. नाम आणि विशेषण जोडीनं उचलायला हवं.

'कांदा बारीक चिरा' याला तर इंग्रजी स्वयंपाकघरात दोन-तीन वेगळी मापं आहेत. हॉटेलच्या शिक्षणात 'स्मॉल डाइस' म्हणजे पाव इंचाचे, साधारण 6 मिलिमीटरचे चौकोनी तुकडे. 'ब्रुन्वाझ' म्हणजे त्याच्या निम्मे, 3 मिलिमीटरचे. 'मिन्स' म्हणजे त्याहूनही बारीक, आकार न उरलेला चुरा. पोह्यांच्या कांद्याला 'मिन्स' लिहिलं तर परदेशातला वाचक लगदा करून ठेवील, तिथे 'फाइनली चॉप्ड' किंवा 'स्मॉल डाइस' हवं. 'फाइन'चा परिणाम वजनावरही होतो: एका सपाट चहाच्या चमच्यात बारीक मीठ साधारण 6 ग्रॅम मावतं, पापुद्र्यांचं जाड मीठ त्याच्या निम्म्याच्या आसपास. पाककृतीत मिठाच्या आधीचं विशेषण गाळलं की भाजी खारट होते ती अशी.

'मिन्स'चं मूळ लॅटिन 'मिन्यूटुस', म्हणजे कमी केलेला, लहान केलेला. याच घराण्यातला 'मायन्यूट'. स्पेलिंग घड्याळातल्या मिनिटाचंच, उच्चार वेगळा: 'माय्-न्यूट', जोर 'न्यूट'वर. दोन्ही एकच शब्द आहेत. अंशाचे साठ भाग करताना पहिल्या वाटणीच्या भागाला लॅटिनमध्ये 'पार्स मिन्यूटा प्रिमा' म्हणत, म्हणजे पहिला लहान भाग, आणि त्याचे पुन्हा साठ केले की 'पार्स मिन्यूटा सेकुंडा', दुसरा लहान भाग. पहिल्यातून मिनिट आलं, दुसऱ्यातून सेकंद. हॉटेलातलं 'मेन्यू'ही याच मुळाचं, तपशीलवार यादी या अर्थानं. हे लक्षात ठेवलं तर 'मायन्यूट'ची छटा आपोआप कळते. हा शब्द लहान तर आहेच, पण तो तपशिलाकडे वाकून बघणाऱ्याचा आहे. 'मायन्यूट क्रॅक्स' म्हणजे भिंग लावून पाहिल्यासारख्या चिरा, 'इन मायन्यूट डिटेल' म्हणजे बारकाव्यांनिशी. बाळाच्या बोटांना 'मायन्यूट' म्हटलं तर बाळ प्रयोगशाळेत ठेवल्यासारखं वाटतं. तिथे 'टाइनी' हवा.

'मिनस्क्यूल' या शब्दाचं स्पेलिंग तर इंग्रज स्वतःच चुकतात. मधलं अक्षर 'यू' आहे, कारण मूळ शब्द 'मायनस'च्या घरातला. लोक 'मिनी' मनात धरून तिथे 'आय' घालतात. तो मुळात अक्षरांचा शब्द. रोमन लिपीतली लहान अक्षरं म्हणजे मिनस्क्यूल, आणि आठव्या-नवव्या शतकात, सम्राट शार्लमेनच्या काळात युरोपभर पसरलेलं वळण 'कॅरोलिंजियन मिनस्क्यूल' म्हणून ओळखलं जातं. आता तो 'हास्यास्पद इतका कमी' या सुरात येतो, म्हणून बजेट, शक्यता, पगारवाढ यांच्याशी त्याची जोडी जमते.

'मिनिएचर' मात्र या घराण्यात दत्तक आलाय. त्याचा 'मायनस'शी काही संबंध नाही. 'मिनियम' म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड, आपला शेंदूर. मध्ययुगीन युरोपात हस्तलिखितांतली अक्षरं आणि चित्रं या शेंदरानं रंगवत, त्या कामाला 'मिनियारे' म्हणत. चित्रं पानात मावायची म्हणून लहान असत, आणि 'मिन' हा आवाज कानाला 'लहान' वाटे. दोन्ही एकत्र येऊन 'मिनिएचर' म्हणजे लघुचित्र आणि मग लघुरूप झालं. त्याचा तुकडा पडून 'मिनी' झाला, 1959 मध्ये ब्रिटनमध्ये त्या नावाची मोटार आली, आणि साठच्या दशकात स्कर्टलाही तोच लागला. छटा जपायची असेल तर एक लक्षात ठेवावं: 'मिनिएचर'ला कुठेतरी मोठी प्रत असावी लागते. 'मिनिएचर ट्रेन' म्हणजे खऱ्या आगगाडीची लहान आवृत्ती. 'मिनिएचर पेबल' म्हणणं व्यर्थ, कारण गोट्याची मोठी मूळ प्रत कुठे असते?

माणसाच्या देहाबद्दल बोलताना तर पाऊल जपून टाकावं. उंची कमी असेल तर सरळ 'शॉर्ट'. 'शॉर्ट हाइट' ही आपल्याकडची भर, इंग्रजीत 'ही इज शॉर्ट' एवढंच पुरतं. 'पेटीट' फक्त स्त्रियांसाठी, आणि त्यात नाजूकपणाचं कौतुक आहे. कपड्यांच्या दुकानात मात्र त्याला पक्कं माप आहे: अमेरिकी ब्रँडांत 'पेटीट' म्हणजे साधारण 5 फूट 4 इंच आणि त्याखालच्या उंचीसाठी बेतलेला कपडा. बाही, कंबर, पायाची लांबी कमी, पण घेर कमी असेलच असं नाही. बारीक अंगाच्या उंच मुलीनं 'पेटीट' मागवला तर पँट घोट्याच्या वर येते. 'स्लाइट' म्हणजे शिडशिडीत, हाडापेरानं हलका. हा पुरुषालाही चालतो. 'डिमिन्युटिव' हा सभ्य, किंचित पुस्तकी, वृत्तपत्रांचा लाडका. 'मिजेट' मात्र आता शिवीतच जमा आहे. कमी उंचीच्या लोकांच्या संघटनांनी तो नाकारला आहे, आणि 'पर्सन ऑफ शॉर्ट स्टेचर' किंवा 'लिटल पर्सन' हे शब्द स्वीकारले जातात.

'प्यूनी'ची गोष्ट आपल्या न्यायालयांपर्यंत येते. जुन्या फ्रेंचमध्ये 'प्वी ने' म्हणजे नंतर जन्मलेला, म्हणजेच धाकटा. इंग्रजीत त्याचे दोन शब्द झाले. एकाचं स्पेलिंग उच्चाराप्रमाणे झालं, आणि धाकटा म्हणजे दुबळा, असं करत करत तो 'किरटा, मरतुकडा' या अर्थाला पोचला. दुसऱ्यानं जुनं स्पेलिंग कायद्याच्या कागदात जपलं. मुख्य न्यायमूर्ती सोडून उच्च न्यायालयाचे बाकीचे न्यायाधीश 'प्यूनी जज' म्हणवले जातात, मुंबई उच्च न्यायालयातही. उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं, आणि त्यात किरटेपणाचा लवलेश नाही. आपल्या 'कनिष्ठ'चा प्रवास याला समांतर वाटतो: मुळात सगळ्यात धाकटा, आता पदानं खालचा. संस्कृतात करंगळीही 'कनिष्ठिका'च. इंग्रजीत ती 'लिटल फिंगर', अमेरिकेत 'पिंकी'.

लहान म्हणणं आणि कमी लेखणं यांत अंतर फार नसतं, हे 'बिलिटल' या क्रियापदात उघडच दिसतं. ते पहिल्यांदा सापडतं थॉमस जेफरसनच्या लिखाणात, अठराव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेची हवाच अशी, की तिथले प्राणी खुजे होतात, असं फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँचं म्हणणं होतं. त्याला उत्तर देताना जेफरसननं हा शब्द 'आकारानं लहान करणे' या शब्दशः अर्थानं वापरला, आणि पुढे पुरावा म्हणून एक भलाथोरला मूस, म्हणजे अमेरिकेतलं प्रचंड हरीण, पॅरिसला मागवून घेतला. आकाराचा अर्थ पुढे गळला, अपमानाचा राहिला. प्रत्ययांचंही असंच. 'एट' हा लहानपणाचा प्रत्यय, 'किचनेट' म्हणजे कोपऱ्यातलं स्वयंपाकघर. 1906 मध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांना 'डेली मेल'नं चिडवण्यासाठी 'सफ्रजेट' म्हटलं, ते याच प्रत्ययाच्या जोरावर. त्या बायकांनी तो शब्द बिल्ल्यासारखा छातीवर लावला. 'लिंग' हा प्रत्यय पाखरांना आणि रोपांना लागला की गोड वाटतो: 'डकलिंग', 'सॅपलिंग'. माणसाच्या हुद्द्याला लागला की तुच्छ: 'प्रिन्सलिंग' म्हणजे कुठला तरी फालतू संस्थानिक. 'डार्लिंग' तेवढा अपवाद.

आपल्याकडे हे काम लिंग बदलून होतं, डबा आणि डबी, सुरा आणि सुरी, टोपला आणि टोपली. किंवा 'टं' लावून: रोपाचं रोपटं, घराचं घरटं. पण 'पोरटं' म्हटलं की लगेच हिडीसफिडीस आली. इंग्रजीत हे प्रत्यय मनाला येईल तिथे लावता येत नाहीत. 'बुकलेट', 'पिगलेट', 'ड्रॉपलेट' आहेत म्हणून डबीला 'बॉक्सलेट' होत नाही, तिला 'स्मॉल बॉक्स'च म्हणावं. शेवटी 'लेट' दिसलं म्हणजे तो इंग्रजी शब्दाला लागलेला प्रत्यय असेलच असंही नाही. 'कटलेट' हा कापलेला लहान तुकडा नव्हे, तो फ्रेंच 'कोतलेत', म्हणजे लहानशी बरगडी. बटाट्याच्या कटलेटमध्ये बरगडी कुठून आली, हे विचारू नये. 'मसल' म्हणजे लॅटिनमध्ये चिमुकला उंदीर. कातडीखाली स्नायू हलताना रोमनांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक दिसला, म्हणून दंडावर बेटकुळी निघते.

पैशाकडे वळलं की छटा धारदार होतात. 'मीगर' म्हणजे तुटपुंजा: पगार, शिधा, मिळकत. ज्याला मिळतं त्याच्याबद्दल सहानुभूती आहे. 'पॉल्ट्री' (कोंबड्यांची 'पोल्ट्री' नव्हे) म्हणजे देणाऱ्याला लाज वाटावी इतकी फुटकळ रक्कम. 'मीझली' त्याहून बोलीतला आणि चिडका, तो 'मीझल्स'वरून आला, आधी रोगट डुकराच्या मांसासाठी होता. 'मॉडेस्ट' मात्र लहानपणाला चांगले कपडे घालतो: 'मॉडेस्ट इन्कम' म्हणजे बेताची मिळकत, अब्रूनं राहण्यापुरती. 'नॉमिनल' म्हणजे हुबेहूब आपलं 'नाममात्र', दोन्हीकडे 'नाव'च आहे. मात्र अर्थशास्त्रात 'नॉमिनल इंटरेस्ट रेट' म्हणजे नाममात्र व्याज नव्हे, महागाई वजा न केलेला दर. 'पेटी कॅश'मधला 'पेटी' हा फ्रेंच 'पेती'च, त्याचा आपल्या लाकडी पेटीशी संबंध नाही, कितीही वाटला तरी. तो निव्वळ किरकोळ खर्चाचा. पण माणसाला लावला की 'कोत्या मनाचा'. आणि 'किरकोळ' तर दुधारी आहे: किरकोळ जखमा 'मायनर', किरकोळ चोरी 'पेटी थेफ्ट', पण किरकोळ विक्री 'रिटेल'.

'अजिबात नाही' म्हणण्यासाठी इंग्रजीनं कणांचा एक वेगळाच साठा ठेवला आहे, आणि इथे प्रत्येक कणाचं नाम ठरलेलं. पुराव्याचा 'श्रेड', सत्याचा 'ग्रेन', अकलेचा 'आउन्स', धुळीचा 'स्पेक', दिलाशाचा 'क्रम', आशेचा 'ग्लिमर'. 'आयोटा', 'जॉट', 'व्हिट' हे कण तर बहुतेक नकारातच जगतात. 'आयोटा' हे ग्रीक लिपीतलं सगळ्यात लहान अक्षर, 'जॉट' हे त्याचंच दुसरं रूप, आणि 'टिटल' म्हणजे अक्षरावरचा ठिपका. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'वन जॉट ऑर वन टिटल' आहे, त्याला आपल्याकडे 'काना-मात्रेचाही फरक नाही' ही जोडी फिट्ट बसते. बाकीच्यांसाठी 'तीळमात्र' आणि 'तसूभर' आहेतच. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, त्यामुळे 'तसूभरही हलला नाही' चांगलं, 'तसूभर अक्कल' मात्र मापात बसत नाही. 'मॉडिकम' नकारात कमी येतो. त्याला चांगली वस्तू लागते, आणि तीही किमान हवी तेवढी: 'अ मॉडिकम ऑफ रिस्पेक्ट'. 'ट्रेस' हा प्रयोगशाळेचा. पाकिटावर 'मे कंटेन ट्रेसेस ऑफ नट्स' असेल तर त्याचं 'थोडे दाणे असू शकतात' असं मराठी करणं धोक्याचं. तो इशारा आहे, यंत्राला चिकटून आलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अंशांबद्दल. 'अंश असू शकतात' हेच बरोबर.

अमेरिकी स्वयंपाकघरात या कणांनाही माप सापडलंय. बाजारात छोट्या चमच्यांचे संच मिळतात, त्यांवर 'टॅड' म्हणजे पाव चहाचा चमचा, 'डॅश' म्हणजे एक अष्टमांश, 'पिंच' म्हणजे एक सोळांश, 'स्मिजन' म्हणजे एक बत्तिसांश असं कोरलेलं असतं. चमचा 5 मिलिलिटरचा धरला तर स्मिजन जेमतेम 0.15 मिलिलिटर भरतं. आपली चिमूट बोटागणिक बदलते आणि जिन्नसागणिकही, तिथे 'पिंच' लिहायला हरकत नाही. पण केशर, जायफळ अशा जपून घालायच्या वस्तूंना आकडा दिलेला बरा. 'अ स्कँट कप' म्हणजे काठाला किंचित कमी असलेला कप, 'हीपिंग' म्हणजे शिगोशीग.

सरकारी कागदात तर भावाला जागाच नाही, तिथे लहानपणाच्या हद्दी आखलेल्या असतात. 1 एप्रिल 2025 पासून 'मायक्रो' म्हणजे सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत, 'स्मॉल' म्हणजे लघु उद्योगाची 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत. शेतीत 1 हेक्टरखालचा 'मार्जिनल', 1 ते 2 हेक्टरचा 'स्मॉल', मराठीत अत्यल्प आणि अल्प भूधारक. 2,000 हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असलेला प्रकल्प 'मायनर इरिगेशन', म्हणजे लघु पाटबंधारे. पण ठिबक आणि तुषार 'मायक्रो इरिगेशन', म्हणजे सूक्ष्म सिंचन. या दोन्हींना 'स्मॉल इरिगेशन' लिहिलं की दोन वेगळी खाती एकमेकांच्या फायली शोधत बसतील. 'लघु'ची इंग्रजी रूपं एकदा ओळीनं वाचून पाहा: लघुकथा 'शॉर्ट', लघुकोन 'अक्यूट', लघुग्रह 'मायनर प्लॅनेट', लसाविमधला लघुतम 'लीस्ट'. लघुशंकेचं भाषांतर ज्याचं त्यानं करावं.

'टाइनी', 'टीनी', 'वी', 'मिनी' या शब्दांत ओठ ताणून काढलेला 'ई'च्या जवळपासचा आवाज आहे, हे योगायोगानं नाही असं बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांना वाटतं. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीरनं 1929 मध्ये लोकांना 'मिल' आणि 'मल' असे दोन निरर्थक शब्द देऊन विचारलं, की यातलं मोठं टेबल कोणतं. बहुतेकांनी 'मल' निवडलं. आपल्या चिमुकला, इवला, चिटुकला, किंचित, टीचभर यांनाही तो नियम लागतो. पण 'स्मॉल' आणि 'बिग' ही जोडी त्याच्या बरोबर उलटी आहे, आणि आपल्याकडे 'लहान' आणि 'विशाल'. 'वी' हा स्कॉटलंडचा शब्द, तिथे आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो उठताबसता ऐकू येतो, बाकी इंग्रजांच्या तोंडी तो लाडिक वाटतो. 'डिंकी' तर समुद्र ओलांडला की उलटतो. ब्रिटनमध्ये 'डिंकी' म्हणजे गोंडस, छोटेखानी. अमेरिकेत 'डिंकी' म्हणजे दळभद्री, फालतू. लंडनच्या यजमानांच्या घराला 'डिंकी' म्हणून चहा मिळेल, शिकागोत मिळायची खात्री नाही.

घरांच्या जाहिरातींत हे सगळे शब्द एकदम कामाला लागतात. तीच 200 चौरस फुटांची खोली विकणारा 'कॉम्पॅक्ट' म्हणतो, म्हणजे जागा कमी पण एक इंचही वाया नाही. थंडीच्या देशात तिला 'कोझी' म्हणतात. लंडनचे दलाल 'बिझू' म्हणतात, फ्रेंचमध्ये दागिना. त्यातला दागिना कुठला ते किंमत वाचल्यावर कळतं. भाड्यानं राहणारा तीच खोली 'स्मॉल' म्हणतो. आणि 'पोकी', म्हणजे कोंदट, अडगळीची, हा शब्द जाहिरातीत सापडत नाही. खोली बघून जिना उतरताना बायको नवऱ्याच्या कानात बोलते, तो हा शब्द.